विगाता नावाचं गाव आणि ते रोज सकाळी लिहिणारा माणूस

आंद्रेआ कामिल्लेरी हे नाव सध्या माझ्या तोंडून इतक्या वेळा निघतं की घरचे आणि ऑफिसातले, सगळेच मी बोलायच्या आत मान डोलवायला लागलेत. डोलवू देत. लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, कॉलेजात सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आणि फिरोझ इराणी, मग इंग्रजीतली सगळी मोठी नावं, असं करत मी रहस्यकथा वाचत आले. आता नवीन काय असणार, असं वाटायच्या वयात सिसिलीचा हा म्हातारा हाती लागला आणि झोप उडाली. खरोखरची उडाली. रात्री एक प्रकरण वाचून दिवा मालवायचा असं ठरवायचं आणि पहाटे दूधवाल्याची बेल वाजेपर्यंत पुस्तक खाली ठेवायचं नाही, असं चाललंय.

त्यांच्या फौजदार मोन्ताल्बानोच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक 'द शेप ऑफ वॉटर'. मूळ इटालियन 1994 मधलं. मी वाचते ते स्टीफन सार्तारेल्ली यांच्या इंग्रजी अनुवादात. पुस्तकाच्या शेवटी त्यांच्या टिपा असतात, त्याही मी कादंबरीइतक्याच चवीने वाचते. विगाता हे सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एक कल्पित बंदर. पहाट झालीय. गावाबाहेर एक ओसाड जागा आहे, रात्रभर तिथे देहविक्रीचा बाजार चालतो आणि सकाळी सफाई कामगार येऊन रात्रीची घाण उचलतात. त्या दिवशी दोन तरुण येतात. दोघंही शिकलेले सर्व्हेयर. जमिनी मोजायच्या, इमारती आखायच्या, ते सोडून कुणाच्या तरी शिफारशीने मिळालेल्या तात्पुरत्या नोकरीत कचरा गोळा करतायत. त्यांना एक गाडी दिसते. गाडीत गावातल्या बड्या राजकारणी इंजिनिअरचा मृतदेह. आणि आता ऐका. ही पोरं पोलिसांना फोन करत नाहीत. ती फोन करतात मयताच्या पक्षातल्या जवळच्या मित्राला, एका वकिलाला. बातमी सगळ्यात आधी आपण दिली हे तो लक्षात ठेवेल, आपल्याला चिकटवून घेईल, ही आशा. वकील थंडपणे सांगतो, मला कशाला कळवताय, पोलिसांना कळवा. तो असा का वागला, हाच पुढचा सगळा पेच. शिवाय त्यातल्या एकाला तिथेच सोन्याचा एक नेकलेस सापडलाय आणि त्याच्या घरी लहान मूल आजारी आहे.

एवढ्याशा पानांत बेकारी आली, वशिला आला, पक्षातलं राजकारण आलं, गरिबाच्या मनातला मोह आला, आणि यातलं काहीही लेखकाने आपल्याला समजावून सांगितलं नाही. मी पुस्तक मिटून नुसती बसले. मग पहिल्या पानावर जाऊन लेखकाची माहिती वाचली आणि आणखीच थक्क झाले. जन्म 1925. म्हणजे हे पुस्तक आलं तेव्हा हा माणूस सत्तरीला टेकलेला होता! आयुष्यभर कामिल्लेरी नाटक, रेडिओ आणि टीव्हीत होते. शंभराहून अधिक पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत आणि त्यांतली बहुतेक सगळी साठी उलटल्यावरची. मग मी त्यांच्यामागे लागले. ते कुठे वाढले, काय करायचे, सकाळी किती वाजता उठायचे, हे सगळं मला हवं होतं.

सहा सप्टेंबर 1925 ला अग्रिजेन्तो जिल्ह्यातल्या पोर्तो एम्पेदोक्ले या बंदरात त्यांचा जन्म. वडील बंदराच्या नोकरीत. घराण्यात पूर्वी गंधकाचा व्यापार होता, कारण त्या भागातलं गंधक याच बंदरातून जगभर जायचं. नोबेल मिळवणारे नाटककार लुइजी पिरांदेल्लो याच परिसरातले आणि कामिल्लेरींच्या आजीच्या नात्यातले. कामिल्लेरी एक आठवण सांगायचे. ते दहाएक वर्षांचे असताना एका दुपारी दारात पिसांची टोपी, तलवार, जरीचा गणवेश अशा थाटात एक माणूस येऊन आजीची चौकशी करू लागला. पोराला वाटलं आरमाराचा कुणी अधिकारीच आला. ते निघाले पिरांदेल्लो. शाळेत मात्र हे चिरंजीव टिकले नाहीत. बिशपच्या वसतिगृहशाळेत क्रुसावर अंडी फेकली म्हणून त्यांना काढून टाकलं.

पुढे रोमला नाट्य अकादमीत दिग्दर्शनाचं शिक्षण, मग रंगभूमी. सॅम्युअल बेकेटचं 'एंडगेम' इटलीत पहिल्यांदा उभं केलं ते यांनी, 1958 मध्ये. त्यानंतर सरकारी टीव्ही कंपनी 'राय' मध्ये निर्मितीचं काम. आणि इथे माझे डोळे चमकले, कारण मोन्ताल्बानोची तालीम इथे झालीय. साठच्या दशकात 'राय'ने जॉर्ज सिमेनॉनच्या इन्स्पेक्टर मेग्रेवर मालिका केली. मेग्रेच्या भूमिकेत जीनो चेर्वी, पटकथा नाटककार दिएगो फाब्री यांची, आणि निर्मितीच्या बाजूने कामिल्लेरी. फाब्री सिमेनॉनची कादंबरी घ्यायचे, तिचे सांधे न् सांधे मोकळे करायचे आणि मग पडद्यासाठी नव्याने जुळवायचे. कामिल्लेरी शेजारी बसून ते बघायचे. रहस्यकथा कशी बांधतात ते आपण तिथे शिकलो, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. कारागिराच्या शेजारी बसून, त्याचे हात बघत शिकलेली विद्या आहे ही. त्यांच्या कादंबऱ्यांत एकही सांधा कुरकुरत का नाही, ते मला तेव्हा कळलं.

लिहावंसं त्यांना आधीपासून वाटत होतंच. भाषेपाशी गाडं अडायचं. शुद्ध इटालियनमध्ये लिहायला बसलं की मजकूर निर्जीव व्हायचा. वडील हॉस्पिटलमध्ये अखेरच्या दुखण्यात होते, तेव्हा मुलगा त्यांच्याजवळ रात्रंदिवस असायचा. एकदा त्याने मनातली एक गोष्ट त्यांना सांगितली, घरी बोलतात तशी, अर्धी सिसिलियन, अर्धी इटालियन. वडील म्हणाले, ही लिही. मुलगा म्हणाला, मला इटालियनमध्ये जमत नाही. त्यावर वडिलांनी सांगितलं, मग मला जशी सांगितलीस तशीच लिही. आपल्याकडे मालवणचा माणूस कचेरीत पुस्तकी मराठी बोलतो, पण राग आला किंवा जीव लागला की थेट मालवणीवर येतो, तसंच त्यांच्या घरात होतं. त्यांनी ती घरातली सरमिसळ उचलली आणि तिची एक स्वतंत्र भाषा घडवली. ती पहिली कादंबरी, 'इल कोर्सो देल्ले कोझे', 1968 मध्ये लिहून झाली आणि दहा वर्षं प्रकाशक नाही म्हणत राहिले. ही भाषा कोण वाचणार, हेच सगळ्यांचं म्हणणं. शेवटी त्या गोष्टीवर टीव्ही मालिका निघाली, तेव्हा लेखकांकडून पैसे घेऊन पुस्तकं छापणारा एक प्रकाशक पुढे आला. मालिकेच्या नामावलीत माझं नाव टाका, मी फुकट छापतो, असा सौदा ठरला आणि 1978 मध्ये पुस्तक निघालं. कुणी विशेष वाचलं नाही. त्याच भाषेत पुढे लिहिलेल्या पुस्तकांच्या इटलीत लाखालाखांनी प्रती खपल्या, आणि मिलानच्या, तोरिनोच्या माणसांनी ती भाषा डोक्यावर घेतली. मला हे वाचताना अंगावर काटा आला. वडिलांचं एक वाक्य या माणसाने किती वर्षं धरून ठेवलं!

आता मोन्ताल्बानो कसा जन्मला, ते. कामिल्लेरी तेव्हा ऐतिहासिक कादंबऱ्या लिहीत होते, एकोणिसाव्या शतकातल्या विगातावरच्या. 'द ब्रुअर ऑफ प्रेस्टन' नावाची एक कादंबरी अडली होती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण कधीच पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करत नाही. मनात भरलेला एखादा प्रसंग आधी लिहितो आणि मग त्याच्या मागेपुढे कादंबरी रचतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ, क्रमाने लिहिणं आपल्याला जमेल का? त्यांचे मित्र, थोर सिसिलियन लेखक लिओनार्दो शाशा म्हणायचे की गुन्ह्याची कादंबरी हा पिंजरा आहे, त्यात लेखकाला काळवेळेचे, तर्काचे नियम तोडता येत नाहीत. कामिल्लेरींनी ठरवलं की आपणहून त्या पिंजऱ्यात जायचं. 'द शेप ऑफ वॉटर' म्हणजे एका वृद्ध दिग्दर्शकाने स्वतःला घालून दिलेला गृहपाठ होता! अडलेल्या कादंबरीची रचना सुटायला बार्सेलोनाचे लेखक मानुएल वास्केझ मोन्ताल्बान यांच्या एका पुस्तकाची मदत झाली होती. त्या ऋणापोटी त्यांनी आपल्या फौजदाराला मोन्ताल्बानो हे आडनाव दिलं. ते सिसिलीतही सर्रास आढळतं, त्यामुळे दोन्ही साधलं. पहिल्या पुस्तकात हा माणूस नीट उभा राहिला नाही असं वाटून त्यांनी दुसरं लिहिलं, 'द टेराकोटा डॉग', आणि तिथे थांबायचं ठरवलं होतं. वाचकांनी थांबू दिलं नाही. मोन्ताल्बानोच्या 28 कादंबऱ्या झाल्या. शिवाय कथा वेगळ्या.

आणि आता मला सगळ्यात जास्त ज्याने झपाटलंय ते सांगते. त्यांचा रोजचा दिवस.

रोममध्ये रेडिओच्या इमारतीजवळ, व्हिया आसियागोवर त्यांचं घर. सहाच्या सुमारास उठायचं. आंघोळ, दाढी, मग बाहेर कामाला निघाल्यासारखे पूर्ण कपडे, आणि मगच टेबलापाशी. पायजम्यात, विस्कटलेल्या केसांनी लिहायला बसणं त्यांना मंजूर नव्हतं. नाटकवाला माणूस, रंगभूषेशिवाय रंगमंचावर कसा येईल! सकाळचे तास लिहिण्याचे. सिगारेट सतत पेटलेली. शांतता त्यांना मानवायचीच नाही. नातवंडं खोलीत धुडगूस घालतायत, कुणी टेबलाखाली शिरलंय, कुणी मांडीवर चढू पाहतंय, आणि आजोबा खून लिहितायत. अशा गोंधळात आपण युद्धाच्या बातमीदारासारखे काम करतो, असं ते म्हणायचे. एकांतासाठी डोंगरावर निघून जाणाऱ्या लेखकांबद्दल मला आदर आहे, पण हे वाचलं आणि माझा जीव या माणसावर जडला.

आणि ते आकडे! मोन्ताल्बानोच्या बहुतेक कादंबऱ्यांची 18 प्रकरणं. प्रत्येक प्रकरण त्यांच्या कॉम्प्युटरवरची 10 पानं. एकूण 180. मी हे वाचलं आणि जवळची पुस्तकं एकामागून एक उघडून शेवटच्या प्रकरणाचा आकडा बघत सुटले. अठरा. अठरा. पुन्हा अठरा. जास्त झालं किंवा कमी पडलं तर गोष्टीच्या श्वासातच काहीतरी चुकलंय, असं ते धरायचे. बाहेरून हे कारखान्याचं माप वाटेल. वाचताना मात्र ती लय अंगात भिनते. तुम्हाला माहीत नसतं, पण तुमचा श्वास त्या दहा पानांच्या मापाने चालायला लागलेला असतो. अंक कितव्या मिनिटाला पडला पाहिजे, प्रेक्षक कुठे खोकायला लागतो, हे ज्याने आयुष्यभर अंधारात उभं राहून ऐकलंय, त्यालाच हे माप सापडतं. लिहून झालं की ते मोठ्याने वाचायचे. कानाला खटकलं की कागदावर दुरुस्ती. पहिली वाचक बायको, रोझेत्ता. त्यांचं लग्न 1957 मधलं आणि रोझेत्ताबाईंचं मत आल्याशिवाय पुस्तक पुढे सरकत नसे.

खुनाची कल्पना बऱ्याचदा वर्तमानपत्रातून यायची. एखादी कोपऱ्यातली बातमी, तिच्याशी काडीचा संबंध नसलेली दुसरी, आणि या दोन्ही एका गावात घडल्या तर, असा विचार. मी आता सकाळचा पेपर वाचताना आतली पानं सोडतच नाही.

लिहिलेलं सगळं जायचं पालेर्मोच्या सेल्लेरियो या छोट्या प्रकाशनाकडे. एन्झो आणि एल्विरा सेल्लेरियो या जोडप्याने 1969 मध्ये सुरू केलेलं हे घर. त्यांची गडद निळ्या मुखपृष्ठाची, खिशात मावणारी चिमुकली पुस्तकं इटलीत नुसत्या रंगावरून ओळखतात. मोठमोठे प्रकाशक मागे लागलेले असताना मोन्ताल्बानोच्या कादंबऱ्या शेवटपर्यंत इथूनच निघाल्या. कामिल्लेरींबद्दलच्या माझ्या आदरातला मोठा वाटा या निष्ठेचा आहे.

पण साल्वो मोन्ताल्बानोविषयी मी अजून पुरेसं बोललेच नाही! समुद्रकाठी मारिनेल्लात त्याचं घर, पुढे व्हरांडा, व्हरांड्यातून उतरलं की वाळू. सकाळी पोहणार. दुपारी खानावळीत एकटा जेवणार आणि जेवताना एक शब्द बोलणार नाही, समोरच्यालाही बोलू देणार नाही. जेवण म्हणजे एकाग्र व्हायची गोष्ट. मग धक्क्यावरून चालत दीपगृहाखालच्या सपाट खडकावर जाऊन बसणार. तपास तिथे पुढे सरकतो. घरी आदेलीना नावाची बाई स्वयंपाक करून फ्रिजमध्ये ठेवून जाते. वांग्याची आंबटगोड कापोनाता, ओव्हनमधला पास्ता, तळलेले आरान्चीनी म्हणजे भाताचे भरलेले गोळे. आदेलीनाची दोन्ही मुलं चोर. त्यातल्या एकाला मोन्ताल्बानोनेच पकडलेलं. एका गोष्टीत वर्ष संपायची रात्र आहे, त्याला सगळीकडून आमंत्रणं आहेत, आणि ती सगळी नाकारून तो आदेलीनाच्या घरी, तिच्या त्या मुलांच्या पंगतीला आरान्चीनी खायला जातो. फौजदार आणि चोर एका ताटावर! कायदा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, हे कामिल्लेरी जेवणाच्या टेबलावर दाखवतात.

ठाण्यातली माणसंही अशीच. फात्सिओ हा काटेकोर हवालदार. माणसाची जन्मतारीख, आईवडिलांची नावं, सगळं कागदावर लिहून आणतो, आणि तो ते वाचायला लागला की मोन्ताल्बानो उखडतो. मिमी आउजेल्लो हा सहकारी बायकांच्या मागे. फोनवर बसलेला कातारेल्ला प्रत्येकाचं नाव चुकीचं सांगणार, दार धाडकन आपटणार, आणि हाच बाबा पुढे कॉम्प्युटर शिकून ठाण्यातला एकमेव जाणकार होतो. आणि त्याची प्रेयसी लिविया, ती तिकडे उत्तरेला जेनोव्हाजवळ राहते, त्यामुळे प्रेम टेलिफोनवर आणि भांडणंही टेलिफोनवर. तिचं आणि आदेलीनाचं बिलकूल पटत नाही.

एक झाड आहे. जुनं, पिळवटलेलं, जमिनीवर सरपटत मग वर गेलेलं ऑलिव्हचं झाड. मोन्ताल्बानो त्याच्या फांदीवर बसून विचार करतो. वाचता वाचता ते झाड आपलंही होऊन जातं. आणि मग 'द स्मेल ऑफ द नाइट' मध्ये तो तिथे जातो तर झाड उपटलेलं, त्या जागी नवाकोरा बंगला उभा राहतोय. त्यानंतर तो जे करतो ते कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याला शोभणारं नाही. तो त्या बंगल्याच्या काचा फोडतो, हाताला लागेल ते मोडून टाकतो. मी ते पान वाचताना मोठ्याने 'फोड, अजून फोड' म्हणाले असेन. किनाऱ्याकिनाऱ्याने कातळ फुटताना आणि झाडं पडताना बघणाऱ्या कुठल्याही कोकणी माणसाला हा राग समजावून सांगावा लागणार नाही.

सिसिली म्हटलं की आपल्याला माफियाच आठवतो. विगातातही दोन टोळ्या आहेत, कुफारो आणि सिनाग्रा. पण कामिल्लेरींनी त्यांना कायम मागच्या रांगेत बसवलं. त्यांचं म्हणणं असं की माफियाच्या माणसाला नायक केलं की लेखक नकळत त्याला मोठेपणा देऊन बसतो. त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्यांत बंदुकीपेक्षा भीती जास्त दिसते. बघितलं पण बोलणार नाही, अशी गप्प माणसं. त्या गप्प बसण्याचे प्रकार मोन्ताल्बानोला ओळखता येतात, कारण तो त्याच मातीतला आहे. त्याचा खरा तपास तोच. बोटांचे ठसे दुय्यम. काळही या गोष्टींत थेट येतो. 2001 मध्ये जेनोव्हात जी-8 परिषदेच्या वेळी पोलिसांनी निदर्शकांवर अत्याचार केले, तर पुढच्या एका कादंबरीत आपला फौजदार लाजेने राजीनामा द्यायला निघालेला दिसतो. निर्वासितांच्या बोटी यायला लागल्या तर त्या विगाताच्या धक्क्यालाही लागतात.

टीव्हीवर मालिका 1999 मध्ये सुरू झाली आणि 2021 पर्यंत तिचे 37 भाग आले. मोन्ताल्बानो झालेला लुका झिंगारेत्ती हा नाट्य अकादमीत कामिल्लेरींचाच विद्यार्थी. पुस्तकातल्या मोन्ताल्बानोला भरपूर केस आणि मिशा, झिंगारेत्तीचं डोकं गुळगुळीत, आणि तरी लोकांनी त्याला उचलून धरलं. चित्रीकरण मात्र पोर्तो एम्पेदोक्लेत न होता पूर्वेकडे, रागुझा जिल्ह्यात झालं. म्हणून जे पर्यटक फौजदाराचं घर बघायला जातात ते पुंता सेक्का या गावी. पोर्तो एम्पेदोक्लेनेही आपला हक्क सोडला नाही. 2003 मध्ये त्या गावाने आपल्या अधिकृत नावापुढे विगाता जोडलं! कल्पनेतलं गाव नकाशावर आलं. काही वर्षांनी ते नाव काढलं गेलं, पण भर रस्त्यात दिव्याच्या खांबाला टेकून उभा असलेला मोन्ताल्बानोचा पुतळा तिथेच आहे. त्याला केस आहेत आणि मिशाही.

उतारवयात कामिल्लेरींची दृष्टी गेली. रोज सकाळी स्वतःच्या हाताने अक्षरं उमटवणाऱ्या माणसाची नजर गेल्यावर सगळं संपलं, असंच कुणालाही वाटलं असतं. ते सांगायला लागले. सहायक वालेंतीना आल्फेर्य त्यांच्या वेगळ्या भाषेत मुरलेल्या होत्या. ते बोलायचे, त्या लिहायच्या, मग वाचून दाखवायच्या. 2016 मध्ये आलेलं 'दि अदर एंड ऑफ द लाइन' असं सांगून लिहवलेलं पहिलं मोन्ताल्बानो पुस्तक, आणि त्यांचं शंभरावं म्हणून गाजलेलं. वडिलांना सांगितलेल्या गोष्टीपासून जो सुरू झाला, तो शेवटी पुन्हा तोंडी सांगण्यावरच आला, आणि गोष्टीची चाल तसूभरही ढळली नाही! जून 2018 मध्ये, ब्याण्णव वर्षांचे असताना, सिराक्युजच्या प्राचीन ग्रीक रंगमंदिरात ते एकटे खुर्चीवर बसले आणि आंधळा द्रष्टा टायरेसियस याच्यावरचं स्वतः रचलेलं भाषित त्यांनी हजारो लोकांपुढे सादर केलं. त्याचं चित्रीकरण आहे. भाषा कळत नसली तरी बघा. तो घोगरा, सिगारेटींनी घासलेला आवाज काय काय करतो ते बघा.

17 जुलै 2019 ला ते रोममध्ये गेले. आणि तरीही एक कादंबरी यायची होती. 2005 च्या सुमारासच त्यांनी मोन्ताल्बानोचा शेवट लिहून एल्विरा सेल्लेरियोंकडे ठेवायला दिला होता. आपण गेल्यावर छापा, ही अट. मधल्या काळात त्यांची भाषा बदलत, अधिक सिसिलियन होत गेली, म्हणून 2016 मध्ये त्यांनी कथेला हात न लावता फक्त भाषा नव्याने घासली. ती 'रिक्कार्दीनो' जुलै 2020 मध्ये निघाली. तिच्यात काय होतं ते मी सांगणार नाही. इतकंच सांगते की त्यात लेखक स्वतः मोन्ताल्बानोला फोन करतो आणि दोघांची कडाक्याची वादावादी होते. पंधरा वर्षं ते हस्तलिखित तिथे पडून होतं, एल्विराबाई 2010 मध्ये गेल्या तरी ते सांभाळलं गेलं, आणि बाहेर कुणाला त्यातलं काही कळलं नाही. एवढं मोठं गुपित एवढा काळ पोटात ठेवणाऱ्या त्या घराला माझा सलाम.

आता सुरुवात कुठून करायची? क्रमानेच करा, मधूनच उचलू नका, कारण हा फौजदार पुस्तकागणिक म्हातारा होतो. त्याला पन्नाशीची भीती वाटते, चष्मा लागतो, तो चुका करतो. 'द शेप ऑफ वॉटर' एका रात्रीत होईल. 'द टेराकोटा डॉग'ला थोडा वेळ द्या, त्यातली गुहा घाईने वाचायची नाही. तिसरं 'द स्नॅक थीफ'. त्यात शाळेजवळ इतर पोरांचा खाऊ हिसकावून खाणारा एक छोटा ट्युनिशियन मुलगा आहे, फ्रांस्वा. तिथवर पोचलात की मला लगेच कळवा. त्या मुलाबद्दल बोलायला मला कुणीतरी हवंच आहे, घरात अजून कुणी दुसऱ्या पुस्तकाच्या पुढे गेलेलं नाही.